शेवटच्या सेकंदाचा बास्केट : तीन पंचांत निर्णय कोणाचा?

कोपऱ्यातला_शूटर

फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम, तीन पंच, व्हिडिओची सोय नाही. चौथा क्वार्टर, २.८ सेकंद शिल्लक, टाइमआउट नुकताच संपलाय. एका गुणाने मागे असलेल्या संघाने पुढच्या अर्ध्यातून (जिथे त्याला बास्केट करायचा त्या) थ्रो-इन घेतला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकला. पास गेला टेबलाच्या (जिथे स्कोअरर आणि टायमर बसतात) बाजूच्या कोपऱ्यात, शूटरचा पाय तीनच्या रेषेला लागून, बचाव करणारा अंगावर, हूटर, चेंडू आत.

आता तीन प्रश्न एकदम उभे राहतात. हूटरच्या आधी चेंडू सुटला का? फाउल होता का? दोन की तीन? हे सगळे एकाच पंचाने सांगायचे की वाटून? नियमांचे पुस्तक चाळले, त्यात 'अमुक पंचाचा निर्णय' असे कुठेच दिसले नाही. जाणकारांनी सांगावे.

---

पांढरी_शिट्टी

नियमांच्या पुस्तकात ते मिळणारच नाही. तिथे एवढेच आहे की पंचांत एकमत नसेल किंवा गरज पडेल तेव्हा अंतिम शब्द क्रू चीफचा, म्हणजे मुख्य पंचाचा, आणि त्यासाठी तो सहकारी पंचांना, टेबलाला आणि कमिशनर (सामन्यावर देखरेख करणारा अधिकारी) असेल तर त्याला विचारू शकतो. कोणी कुठे बघायचे हा मेकॅनिक्सचा भाग, त्याची पुस्तिका वेगळी.

आधी तिन्ही पंचांच्या जागा स्पष्ट करू. लीड बेसलाइनवर, बास्केटजवळ. ट्रेल लीडच्याच बाजूच्या साइडलाइनवर, मागे. सेंटर समोरच्या साइडलाइनवर, फ्री थ्रो रेषेच्या सरळ. म्हणजे ट्रेल आणि सेंटर कायम एकमेकांच्या समोर असतात. दोघांपैकी एक टेबलाच्या बाजूला, दुसरा टेबलासमोर.

शेवटचा शॉट टेबलासमोरच्याचा. तो ट्रेल असो वा सेंटर. कारण साधे आहे, टेबलाकडच्या पंचाची टेबलाकडे पाठ असते. समोरच्याला कोर्ट, बॅकबोर्ड आणि टेबल एकाच बाजूला दिसतात. काही शंका आली तर घड्याळ चालवणाऱ्या टायमरचा चेहराही त्यालाच दिसतो.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी फक्त पहिला त्याचा. फाउल आणि दोन-तीन ज्याच्या क्षेत्रात शॉट झाला त्याचेच राहतात. बहुतेक क्रू इथेच घसरतात. 'लास्ट शॉट तुझा' म्हटले की उरलेले दोघे सुटीवर गेल्यासारखे उभे राहतात.

---

डावखुरा_गार्ड

पण मधेच रोटेशन झाले तर? चेंडू पलीकडे गेला की लीड बेसलाइनवरून बाजू बदलतो, मग सेंटरचा ट्रेल होतो आणि ट्रेलचा सेंटर. चार सेकंद राहिलेत, कोण काय झालंय हे आठवत बसायचे का?

---

पांढरी_शिट्टी

कागदावर काढून बघा, गंमत कळेल. रोटेशनमध्ये बाजू फक्त लीड बदलतो. ट्रेल आणि सेंटरची नावे अदलाबदल होतात, पाय जेमतेम दोन-चार मीटर पुढे-मागे, पण साइडलाइन तीच. टेबलासमोर जो माणूस उभा होता तोच राहतो. म्हणून जबाबदारी 'ट्रेलची' किंवा 'सेंटरची' अशी न लावता 'टेबलासमोरच्याची' अशी लावलेली आहे. लीड कितीही फिरला तरी माणूस बदलत नाही.

बदल होतो तो चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की. समजा ६ सेकंद राहिलेत, शॉट चुकला, बचावाने रिबाउंड घेतला आणि पळाले. जुना ट्रेल नवा लीड होऊन पुढे धावतो, जुना लीड नवा ट्रेल होऊन मागून येतो, सेंटर सेंटरच राहतो. आता दोन शक्यता :

सेंटर टेबलासमोर असेल तर काही प्रश्नच नाही, दोन्ही टोकांना शेवटचा शॉट त्याचाच.

ट्रेल टेबलासमोर असेल तर मात्र जबाबदारी हात बदलते. तो आता लीड होणार, आणि मागून येणारा जुना लीड टेबलासमोरचा ट्रेल. त्या बिचाऱ्याचे डोळे क्षणापूर्वीपर्यंत रिंगखालच्या धक्काबुक्कीवर होते, घड्याळ त्याने बघितलेलेही नसते. टाइमआउटमध्ये जे बोलायचे ते नेमके हे : 'उलटे पळाले तर तुझा.'

---

टेबलवरून

टेबलाच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, टायमर 'बास्केट धरा' किंवा 'नको' असा निर्णय देत नाही. विचारले तरच सांगायचे आणि जे दिसले तेवढेच सांगायचे. हूटर झाला की टेबलावरच्या सगळ्यांनी हात खाली. स्कोअररने उत्साहात तीन बोटे वर केली की बेंचवरचे लोक तोच निर्णय धरून बसतात आणि पुढची पंधरा मिनिटे वाया.

दोन, हूटरचेच बघा. नियम सांगतो की गेम क्लॉकचा (खेळाची उरलेली वेळ) आणि शॉट क्लॉकचा (ताबा असलेल्या संघाला शॉटसाठी मिळणारे २४ सेकंद) आवाज ठळकपणे वेगळा हवा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही यंत्रे सारखीच किंचाळतात. गेम क्लॉकवर २४.४ असताना ताबा बदलला आणि शॉट क्लॉक २४ वर लागले, तर शॉट क्लॉक आधी वाजणार आणि ०.४ सेकंदाने गेम क्लॉक. दोन आवाज सारखे असतील तर पंचाला कळणारच नाही की तो कोणत्या हूटरवर निर्णय देतोय. आणि दोन्हींचा परिणाम एक नाही. शॉट क्लॉक वाजताना चेंडू हवेत असेल तर तो रिंगला तरी लागायला हवा, नाहीतर शॉट क्लॉकचे उल्लंघन. अपवाद एकच, समोरच्या संघाने लगेच आणि स्पष्ट ताबा घेतला असेल तर खेळ चालू ठेवायचा. गेम क्लॉकला हे लागू नाही, तिथे सुटला होता की नव्हता एवढाच सवाल.

ताबा मिळताना गेम क्लॉकवर २४ पेक्षा कमी असेल तर शॉट क्लॉक बंद, फळा कोरा ठेवायचा. पुढच्या अर्ध्यात शॉटसाठी १४ सेकंद मिळणार असतील तर हीच गोष्ट १४ ला. हे विसरले की शेवटच्या शॉटला भलताच हूटर वाजतो.

जिथे घड्याळ एका मशीनवर आणि हूटर दुसऱ्या बटणावर हाताने दाबायचा असतो, तिथे सामन्याआधी टायमरसोबत ठरवून घ्या की शून्य दिसले की दाबायचे, 'आता होईल' म्हणून आधी नाही.

---

कोपऱ्यातला_शूटर

मग टेबलासमोरच्या पंचाने नजर नेमकी कुठे ठेवायची? घड्याळावर की हातावर?

---

पांढरी_शिट्टी

हातावर. घड्याळ बघायचे ते थ्रो-इनच्या आधी, दशांशासकट. २.८ म्हणजे २.८, 'तीनेक सेकंद' नव्हे. शेवटच्या मिनिटात घड्याळ दशांश दाखवते ते काही शोभेला नाही. एकदा चेंडू जिवंत झाला की फळ्याकडे बघायचे नाही. नजर फळ्यावर गेली आणि परत आली तेवढ्यात चेंडू सुटलेला असतो.

हूटर कानाने, सुटणे डोळ्याने. बॅकबोर्डच्या कडेला लाल दिवा असेल तर आणखी बरे. दिवा आणि आवाज यांत फरक पडला तर नियमाप्रमाणे दिवा खरा. बॅकबोर्डच्या वरच्या कडेचा पिवळा दिवा शॉट क्लॉकचा, त्याच्याशी गल्लत नको.

जागाही महत्त्वाची. शूटरच्या हाताच्या मागे बॅकबोर्ड दिसेल असा कोन मिळाला तर दिवा आणि बोटे एकाच नजरेत येतात. त्यासाठी दोन पावले मागे किंवा बाजूला सरकायला हरकत नाही. पुढे धावत शूटरच्या जवळ जाणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. जवळून धक्का चांगला दिसतो, पण दिवा नजरेबाहेर जातो, आणि धक्का तर त्याचा नव्हेच.

मनातल्या मनात मोजणीही सुरू ठेवायची. थ्रो-इनचा चेंडू कोर्टवरच्या खेळाडूला लागला की मोजायला सुरुवात. घड्याळ सुरूच झाले नाही तर हीच मोजणी कामाला येते. २.८ सेकंदांत खेळाडूने चेंडू घेतला, दोन ड्रिबल टाकले, थांबला, फेक दाखवली आणि फळ्यावर अजून २.८ च आहे, तर शिट्टी मारायलाच हवी.

---

मिशिगनकर

इथे अमेरिकेत शाळांच्या सामन्यांतही तीन पंच असतील तर टेबलासमोरचा ट्रेल किंवा सेंटर हाच शेवटचा शॉट घेतो, दोन पंच असतील तर ट्रेल. म्हणजे पुस्तक वेगळे, पण भूमिती तीच.

घड्याळाची चूक झाली तर इथे पंचाच्या मोजणीला रीतसर वजन आहे. पंचाला निश्चित माहिती असेल तरच वेळ दुरुस्त होते, अंदाजाने नाही. त्यामुळे नव्या पंचांना मोजणीची सवय पहिल्यापासून लावतात.

आणि तो ०.३ चा मुद्दा अजून कोणी काढला नाही.

---

डावखुरा_गार्ड

काढा की! आमच्याकडे प्रशिक्षकही यावर वाद घालतात.

---

पांढरी_शिट्टी

फिबात थ्रो-इनवर किंवा शेवटच्या फ्री थ्रोच्या रिबाउंडवर चेंडू पकडून शॉट मारायचा असेल तर घड्याळावर निदान ०.३ सेकंद हवेत. ०.२ किंवा ०.१ असेल तर फक्त चेंडू टोलवून किंवा थेट डंक करून झालेला बास्केट चालतो, आणि तोही घड्याळावर ०.० यायच्या आत हात चेंडूपासून सुटलेला असेल तरच. हे गेम क्लॉकला आणि शॉट क्लॉकला, दोन्हींना लागू. अमेरिकन शाळांत नेमके ०.३ असले तरी फक्त टोलवणेच चालते, त्यामुळे मिशिगनकर आणि आपण ०.३ वर वेगवेगळे निर्णय देऊ आणि दोघेही बरोबर असू.

एनबीएतला (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला) असा नियम १५ जानेवारी १९९० च्या सामन्यानंतर आला. निक्सच्या ट्रेंट टकरने बुल्सविरुद्ध ०.१ सेकंद असताना चेंडू पकडला, वळला, थ्री मारला आणि तो धरला गेला. माणूस डोळ्याने बघून बटण दाबतो त्यालाच साधारण ०.२ सेकंद जातात, ०.१ मध्ये पकडणे आणि फेकणे होत नाही. घड्याळ उशिरा सुरू झाले एवढाच त्याचा अर्थ.

पंचाच्या दृष्टीने ०.२ वर प्रश्न बदलतो. 'हूटरआधी सुटला का' हा दुय्यम, 'पकडला की टोलवला' हा पहिला. थ्रो-इनआधी क्रूने आणि दोन्ही प्रशिक्षकांनी हे ऐकलेले असावे. नंतर समजावत बसलात तर कोणी ऐकत नाही.

---

जुना_स्कोअरशीट

हूटर आणि पंचांचा विषय निघाला आणि १९७२ चे म्युनिक, ऑलिंपिकचा अमेरिका-सोव्हिएत संघ अंतिम सामना, नाही असे कसे होईल? अमेरिका ५०-४९ पुढे, डग कॉलिन्सचे दोन फ्री थ्रो, ३ सेकंद. मग सोव्हिएत टाइमआउटचा गोंधळ, खेळ थांबला, सुरू झाला, घड्याळ नीट लागले नव्हते म्हणून पुन्हा ३ सेकंद, आणि तिसऱ्या खेपेला एडेश्कोचा कोर्टभर लांब पास, बेलोवचा बास्केट, ५१-५०. अपील ३ विरुद्ध २ ने फेटाळले गेले. अमेरिकन संघाने रौप्यपदके आजवर घेतलेली नाहीत.

---

डावखुरा_गार्ड

रंजक आहे, पण हे घड्याळाचे प्रकरण, शॉटचे नाही. विषयांतर होतंय.

---

जुना_स्कोअरशीट

विषयातच आहे. तिथे कोर्टवर दोनच पंच, ब्राझीलचा रिगेत्तो आणि बल्गेरियाचा अराबाजिआन. ३ सेकंद परत द्या असे सांगायला प्रेक्षकांतून उतरून आले फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स, ज्यांना सामन्याच्या नियमांनी तसा अधिकारच नव्हता. रिगेत्तोने नंतर स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. निर्णय कोणाचा हे धड ठरलेले नसले की जो मोठ्याने बोलतो त्याचा होतो. धाग्याचे शीर्षक काय आहे बघा.

बेलोवचा बास्केट स्वतः हूटरच्या आत होता यावर फारसा वाद नाहीच, हेही लक्षात घ्या.

---

मिशिगनकर

त्याला जोडून २००२. एनबीएत लेकर्स-किंग्ज, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा चौथा सामना. पहिल्या हाफच्या शेवटी समाकी वॉकरने अर्ध्या कोर्टवरून मारलेला थ्री धरला गेला. चित्रफितीत चेंडू हूटरनंतरही हातात दिसतो. लेकर्स जिंकले १००-९९. त्याच प्लेऑफमध्ये हॉर्नेट्सच्या बॅरन डेव्हिसचा वेळेत सुटलेला बास्केट उलट नाकारला गेला. पुढच्या मोसमापासून एनबीएत क्वार्टरच्या शेवटच्या शॉटसाठी रिप्ले आणि बॅकबोर्डवर दिवे आले.

लोकांना त्याच सामन्यातला लेकर्सच्या रॉबर्ट होरीचा शेवटचा थ्री आठवतो. पंचांच्या वर्गात वॉकरचा दाखवायला हवा. हाफच्या शेवटी क्रू ढिला पडतो, सगळी तयारी चौथ्या क्वार्टरसाठी राखलेली असते. गुण तर तेवढेच मोजले जातात.

---

कोपऱ्यातला_शूटर

व्हिडिओ असेल तर मग कोर्टवर कोणी काय सांगितले याला किंमत उरते का?

---

पांढरी_शिट्टी

उलट वाढते. फिबाच्या व्हिडिओ पद्धतीत कोर्टवरचा निर्णय आधी द्यावाच लागतो आणि तो बदलायला स्पष्ट, निर्णायक दृश्य पुरावा लागतो. कॅमेऱ्याच्या आड खेळाडू आला, चित्र अस्पष्ट आले, की पहिला निर्णय कायम. 'बघून सांगतो' म्हणून हात बांधून उभे राहणे चालत नाही. स्क्रीनपाशी पंच, टायमर आणि कमिशनर एवढेच. शेवटचा शब्द क्रू चीफचा.

---

नवीन_पंच_२

आमच्या जिल्हा पातळीवर बहुतेक दोनच पंच. तिथे टेबलासमोरचा वगैरे कसे लावायचे?

---

पांढरी_शिट्टी

नाही लावायचे. दोन पंचांत ट्रेल, बस. टेबल कुठेही असो. ट्रेलची टेबलाकडे पाठ असेल तर त्याचा भरवसा पूर्णपणे कानावर आणि दिव्यावर, म्हणून दोन पंचांच्या सामन्यात सामन्याआधी हूटर वाजवून बघणे टाळू नका. गर्दीच्या हॉलमध्ये दूरच्या बेसलाइनवर आवाज पोचतो का ते तिथे उभे राहून ऐका.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, ट्रेलपासून सर्वांत दूरचा कोपरा, जिथे मध्ये चार-पाच खेळाडू असतात. ट्रेलने साइडलाइनला चिकटून न राहता आत, कोर्टच्या मध्याकडे यावे, तरच हात दिसतो. दुसरी, मागच्या बेसलाइनवरून थ्रो-इन आणि ३ सेकंद. चेंडू देणारा ट्रेल मागे अडकतो, शॉट २० मीटर पुढे. तरीही निर्णय ट्रेलचाच, पण लीडने थेट रिंगखाली पळू नये. फ्री थ्रो रेषेच्या आसपास थांबले तर त्याला सुटणे दिसते आणि ट्रेलने बघितले की तो मान हलवून माहिती देऊ शकतो.

माहिती देणे म्हणजे खूण करणे नव्हे. एकाने बास्केट धरला आणि दुसऱ्याने त्याच क्षणी हात छातीसमोरून कात्रीसारखे फिरवून तो रद्द केला, की तो सामना तिथून सावरत नाही.

---

टेबलवरून

हूटरच्या आसपासच्या फाउलबद्दल कोणीतरी लिहा. आम्हाला स्कोअरशीट भरताना तिथेच अडते.

---

पांढरी_शिट्टी

क्रमाने बघायचे.

शॉट मारताना फाउल, मग हूटर : फाउल धरायचा. चेंडू हूटरआधी सुटून बास्केट झाला तर गुण अधिक एक फ्री थ्रो, नाहीतर दोन किंवा तीन फ्री थ्रो. घड्याळ संपले असले तरी फ्री थ्रो घेतले जातात.

हूटर, मग फाउल, चेंडू अजून हातात : बास्केट नाही, फाउलही नाही, खेळाची वेळ संपलेली आहे.

चेंडू सुटला, हूटर, आणि शूटर हवेत असताना धक्का : बास्केट झाला तर गुण धरायचे, फाउल सोडून द्यायचा. हे ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात, पण तर्क तोच, फाउल वेळेनंतरचा आहे. नंतरच्या दोन्ही प्रकारांत धक्का अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) किंवा डिसक्वालिफाइंग (खेळाडूला बाहेर काढण्याइतका गंभीर) दर्जाचा असेल तर मात्र सोडायचा नाही.

म्हणजे फाउल देणाऱ्या पंचाला हूटर-आधी-की-नंतर हे टेबलासमोरच्याकडून कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्याने मूठ वर करून फाउल दाखवावा आणि थांबावे. टेबलाकडे धावू नये.

आणखी एक, जे सटकते : चेंडू हवेत असताना हूटर झाला आणि चेंडू रिंगला लागून वर उडाला, अजून आत जायची शक्यता आहे, तर त्याला कोणीच हात लावायचा नाही. एरवी रिंगला लागल्यावर टोलवता येतो, इथे नाही. म्हणून सुटणे बघून झाल्यावरही नजर चेंडूबरोबर रिंगपर्यंत न्यायची.

---

कोपऱ्यातला_शूटर

मग माझ्या उदाहरणाचे उत्तर एकदा सलग सांगा.

---

पांढरी_शिट्टी

टाइमआउट घेऊन चेंडू मागच्या अर्ध्यातून पुढे आणला असे धरू. तो थ्रो-इन म्हणजे बेसलाइनपासून ८.३२५ मीटरवरची ती १५ सेंटिमीटरची रेघ, आणि ती टेबलासमोरच्याच साइडलाइनवर असते. म्हणजे चेंडू हातात देणारा ट्रेल हाच शेवटच्या शॉटचा पंच. लीड त्याच्या बाजूला, सेंटर एकटा टेबलाकडे.

ट्रेलने चेंडू देण्याआधी घड्याळ वाचले, सेंटरकडे बघून आपल्या छातीला हात लावला. चेंडू लागताच हात खाली करून वेळ सुरू केली, मोजणी चालू केली आणि कोपऱ्यातल्या हाताकडे नजर. २.८ सेकंदांत लीडने बाजू बदलायचा प्रयत्न करू नये, अर्ध्या वाटेत सापडतो. त्यामुळे कोपरा पूर्ण सेंटरचा : पाय रेषेवर की मागे, आणि धक्का. पाय मागे असेल तर तीन बोटे वर. लीडकडे रिंगखालची पकडापकडी.

हूटरआधी सुटला असेल तर ट्रेल बास्केट धरतो, एकदाच, ठळक. सेंटरच्या हातावरून त्याला तीन कळलेले असतात. नसेल सुटला तर तोच रद्द करतो आणि सेंटरची तीन बोटे आपोआप निरर्थक ठरतात.

---

टेबलवरून

एक भर. सेंटरने तीनची खूण शॉट सुटताना केलेली असते, हूटरनंतर नव्हे. ती खूण 'शॉट तीनचा आहे' एवढेच सांगते, 'तीन धरा' असे नाही. स्कोअररने ट्रेलचा हात खाली येईपर्यंत पेन टेकवू नये.

---

नवीन_पंच_२

आणि सेंटरला अगदी स्पष्ट दिसले की चेंडू उशिरा सुटला, पण ट्रेलने बास्केट धरला, तर?

---

पांढरी_शिट्टी

सेंटरने लगेच ट्रेलकडे चालत जायचे, खेळाडूंपासून दूर, आणि एक वाक्य : 'हूटर झाला तेव्हा चेंडू हातात होता, मला खात्री आहे.' 'मला वाटतं' असेल तर जायचेच नाही. तिसऱ्यालाही बोलवायचे. एकमत झाले नाही तर क्रू चीफ सांगेल ते, आणि ते टेबलाला एकाच माणसाने कळवायचे. हे सगळे स्कोअरशीटवर क्रू चीफची सही व्हायच्या आत. सही झाली की सामन्याशी पंचांचा संबंध संपला.